सतरा नंबरची बाई

बारकीचा धंदा दातांचा. म्हणजे ती दातांची डॉक्टर नव्हती. डॉक्टर लोकांच्या तोंडातली मापं घेत आणि तिच्याकडे पाठवत, त्यावरून ती कॅप आणि कवळ्या करून देई. शेजारच्या दाताशी रंग असा जुळवी की बसवलेली कॅप कुठली आणि मुळातला दात कुठला, हे डॉक्टरलाही दिवा जवळ घेऊन बघावं लागे. वय बावन्न, केस निम्मे पांढरे, चष्म्यावर आणखी एक भिंग लावायची. पण थोरल्या भावानं लहानपणी ‘बारके’ म्हणून हाक मारली ती जी चिकटली ती निघालीच नाही. आता तर तिच्या प्रयोगशाळेत पार्सल घेऊन येणारा माणूसही दारातून ‘बारकीताई’ अशीच हाक मारायचा.

हा थोरला भाऊ, तिचा दादा, पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची सगळी उमर गेली. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, श्वास रोखून तो सहा फुटांची रेघ एका दमात ओढायचा. खाली रस्त्यावरची माणसं बघायला थांबायची. पुढे छापील पाट्या आल्या आणि काम कमी झालं, त्याचं त्यानं फारसं मनाला लावून घेतलं नाही. मनाला लागलं ते दुसरंच. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडासा, मग चारचौघांच्या लक्षात येईल इतका. पेला तोंडाशी न्यायला दोन हात लागू लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि चहा कमी करा म्हणाले. दादानं चहा कमी केला. हात काही कमी झाला नाही.

ही दोघं भावंडं दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जायची. तिथं दहा-बारा माणसं जमून बोटाच्या दोन पेरांएवढे पुतळे रंगवत बसायची. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी हा नाद सुरू केला होता आणि त्याला ‘बोटभर मंडळ’ असं नावही दिलं होतं. पुतळा बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, त्याला करडं अस्तर मारायचं, ते वाळलं की पाण्यासारखे पातळ रंग एकावर एक चढवत जायचं. बारीक कामाला इतका बारीक ब्रश की तो पडला तर जमिनीवर डोकं टेकून शोधावा लागे. मंडळात एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. आठवडाभर दुसऱ्यांना झोपवून रविवारी ते स्वतः खुर्चीत डुलक्या काढायचे, आणि जाग आली की शेजाऱ्याच्या पुतळ्याला नावं ठेवायचे. एकंदरीत मजा असायची.

वर्षातून एकदा मंडळाची पैज लागे. दोघादोघांच्या जोड्या, आठ आठवडे, आणि प्रत्येक जोडीला सारखाच, नंबर घातलेल्या चोवीस माणसांचा संच. त्या वर्षी संच होता बाजाराचा. कोळीण, सुऱ्यांना धार लावणारा, छत्र्या दुरुस्त करणारा, पिशवी घेऊन भाव करणारा म्हातारा, असे चोवीस जण. बक्षीस वगैरे काही नाही. शेवटच्या रविवारी सगळे बाजार टेबलांवर मांडायचे, चिठ्ठ्या टाकून मत द्यायचं, आणि हरलेल्यांनी वर्षभर जिंकलेल्यांचे ब्रश धुवायचे. एवढ्यासाठी माणसं अशी जिवावर उदार होऊन रंगवायची की घरच्यांनी कपाळाला हात लावावा.

बारकी आणि दादा दरवर्षी जोडीनंच खेळत. त्या वर्षी संच वाटून घेताना ती म्हणाली, “दादा, मी सोळा घेते, तू आठ घे.”

“का? मी काय पाहुणा आहे?”

“तसं नाही रे. तुला त्रास नको.”

“बारा-बारा,” दादा म्हणाला, “आणि तेरापासून चोवीस माझे.” त्यानं पेटीतले दोन पुतळे उलटसुलट करून बघितले, सतरा नंबरची उचलून जवळ धरली, आणि सगळे आपल्या बिस्किटाच्या डब्यात भरले. सतरा नंबरची म्हणजे पायरीवर बसलेली एक बाई होती. मांडीवर टोपली, टोपलीत दोऱ्याची रिळं, आणि मान किंचित वळवून कुणाकडे तरी बघतेय अशी. बारकीनं तेव्हा तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

चौथ्या आठवड्याला ‘अर्धी पैज’ असे. ज्याचे जेवढे झाले असतील तेवढे आणून एकमेकांना दाखवायचे. बारकीचे सात झाले होते आणि ते सातही असे की ग्रंथपाल बाई भिंग खाली ठेवेनात. दादाचे तीन होते. धार लावणाऱ्याच्या सदऱ्याची बटणं सदऱ्याबाहेर गेली होती. कोळणीचे ओठ हनुवटीवर उतरले होते. लोकांनी “वा, रंग छान निवडलेत” असं म्हटलं. रंग छान निवडलेत, असं माणूस केव्हा म्हणतो हे बारकीला चांगलं ठाऊक होतं. तिनं स्वतःच कितीदा म्हटलं होतं.

नंतर ती मोरीवर ब्रश धूत होती. दाराच्या पलीकडे डॉक्टर ग्रंथपाल बाईंना हळू आवाजात सांगत होते, “पेंटरचा हात गेला हो. बघवत नाही. कुणीतरी त्यांना समजावून सांगायला हवं, आता नुसते बसायला या म्हणून.”

बोलण्यात कुचकेपणा नव्हता. डॉक्टर मनापासून हळहळत होते. पण बारकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं नळ मोठा सोडला, ब्रश नको इतके धुतले, आणि डोळे पुसून बाहेर आली. दादा टेबलाशी बसून आपला धार लावणारा उलटसुलट करत होता. त्यानं ऐकलं होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

उरलेले चार आठवडे दादा घरीच रंगवत राहिला. बारकीनं दोनदा फोन केला तर वहिनी म्हणाली, “त्यांचं काम चाललंय गं. दार लावून बसलेत. मलाही येऊ देत नाहीत.” पैजेच्या आधीच्या बुधवारी वहिनी बाजारात जाता जाता बिस्किटाचा डबा बारकीच्या प्रयोगशाळेत ठेवून गेली. बुचावरून काढणं, पायाखालच्या चकत्या चिकटवणं आणि मांडणी ही कामं दरवर्षी बारकीच करायची.

दुपारी दादाचा फोन आला. “मिळाले का गं?”

“मिळाले.”

“सतरा नंबरची जरा नीट बघ हं.”

दारात पार्सलवाला उभा होता, भट्टीत चार कॅप भाजत होत्या, आणि एक डॉक्टर दुसऱ्या फोनवर ओरडत होते. “बघते, बघते,” म्हणून बारकीनं फोन ठेवला.

डबा उघडला तो जेवणाच्या सुट्टीत. कापसात गुंडाळलेले बारा जण तिनं एकेक करून दिव्याखाली मांडले आणि भिंग डोळ्यावर ओढलं. तिला वाटलं होतं त्याहून काम वाईट होतं. छत्रीवाल्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. म्हाताऱ्याच्या मिशा गालावर. कुठं कॉलर सुटलेली, कुठं रंगाचा थेंब ओघळून वाळलेला. ती बराच वेळ नुसती बघत बसली. हाच हात सहा फुटांची रेघ ओढायचा.

आणि मग तिनं ब्रश घेतला.

त्या वेळी मनात काय होतं, हे तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा विचारलं. दादाला कुणी कीव करून बघू नये असं तिला वाटत होतं, हे खरं. त्या डॉक्टरांना दाखवून द्यावं असंही वाटत होतं. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती कबूल करायला तिला कितीतरी महिने लागले. तिचे बारा अप्रतिम झाले होते. त्यांच्या शेजारी हे बारा ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं.

काम तिच्या हातचं होतं. दुसऱ्याच्या रंगात रंग मिसळून आपला हात कळू द्यायचा नाही, यावर तर तिचं पोट चालायचं. बटणं तिनं सदऱ्यात आणली, मिशा ओठांवर आणल्या, ओघळ कोरून काढले. सगळं फार नेटकं केलं नाही. दादाच्या ब्रशाची जरा रुंद, बिनधास्त अशी जी चाल होती ती तिनं राखली. एक दुपार सहा जणांना लागली, दुसऱ्या दुपारी चार झाले. दोघांना हात लावायची गरज पडली नाही.

सतरा नंबरची त्या दुसऱ्या दुपारी आली. निळी शाल, राखाडी झगा, टोपलीतली रिळं लाल आणि पिवळी. अंगाचं काम बरं होतं. चेहरा मात्र बिघडला होता. उजवा डोळा ठीक होता. डावा अर्धवट मिटलेला, वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडे खाली घसरलेली, बुबुळ त्या खालून जेमतेम दिसणारं. नीट बघ असं दादा म्हणाला होता ते याचसाठी, असं बारकीला वाटलं. त्यालाही कळलंय बिचाऱ्याला, सांगायची लाज वाटत असेल. तिनं कातडीच्या रंगाचा एक पातळ हात डाव्या डोळ्यावरून फिरवला, तो वाळू दिला, दुसरा दिला, आणि उजव्यासारखा दुसरा डोळा काढला. उघडा, सरळ, दोन्ही सारखे. दहा मिनिटं लागली असतील. काम झाल्यावर भिंगातून बघताना तिला इतकं बरं वाटलं की तिनं उरलेली पोळी गार झालेल्या भाजीशी मोठ्या चवीनं खाल्ली.

रविवारी वरची खोली भरून गेली होती. सहा जोड्यांचे सहा बाजार टेबलांवर मांडलेले, खिडकीतून ऊन आलेलं, आणि माणसं भिंगं घेऊन वाकून वाकून बघत होती. दादा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. आल्या आल्या त्यानं बारकीला हळूच विचारलं, “बघितलीस?”

“बघितली ना,” बारकी म्हणाली.

“मग?”

“छान झालीये, दादा.”

त्यानं तिच्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं. आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून तो थांबला होता, पण तेवढ्यात ग्रंथपाल बाईंनी बारकीला हाक मारली आणि ती गेली.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. “पेंटर, अहो हे कधी केलंत? या म्हाताऱ्याच्या मिशा बघा! आणि ही रिळंवाली! हिचे डोळे बघा, डोळे! मी आपली माफी मागतो बुवा. कशाबद्दल ते विचारू नका.”

लोक गोळा झाले. कुणी दादाच्या पाठीवर थाप मारली. दादा हसत हसत पुढं झाला आणि डॉक्टरांच्या हातातलं भिंग घेऊन वाकला. भिंग हलत होतं म्हणून त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं. बारकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला त्याची पाठ दिसत होती. तो फार वेळ वाकलेला राहिला. मग त्यानं भिंग म्हाताऱ्यावरून नेलं, छत्रीवाल्यावरून नेलं, धार लावणाऱ्याच्या बटणांवर क्षणभर ठेवलं, आणि पुन्हा पायरीवर बसलेल्या बाईवर आणलं. नंतर सरळ झाला, भिंग डॉक्टरांच्या हातात दिलं आणि म्हणाला, “ऊन चांगलं आलंय आज.”

चिठ्ठ्या मोजल्या. बारकी आणि दादाची जोडी जिंकली. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला म्हणून ग्रंथपाल बाईंनी आग्रह केला तेव्हा दादा उभा राहिला. “सगळं श्रेय बारकीचं,” तो म्हणाला. “खरंच सांगतो. तिचंच.” लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. बारकीही हसली. पण दादाकडे बघायचं तिनं टाळलं.

परत जाताना दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेली. दादाचा उजवा हात पँटच्या खिशात होता. एरवी तो डॉक्टरांची नक्कल करायचा, कुणाच्या घोड्याला पाच पाय झालेत ते सांगायचा. त्या दिवशी बोलेना. थांब्याच्या बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, “बाकीचे राहू देत. सतरा नंबरची पण तूच केलीस?”

“थोडंसंच, दादा. तू चिडू नकोस. रंग पसरला होता डोळ्यावर, म्हणून…”

“पसरला नव्हता.”

बारकी त्याच्याकडे वळली.

“आई होती ती,” दादा म्हणाला.

रस्त्यावरून एक मालाची गाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत तो थांबला. “आईचा डावा डोळा तसा होता. लहानपणी झोपाळ्याची कडी लागली होती तिला. पापणी खाली आली ती आलीच. तुला नाही आठवायचं.”

बारकीला आठवत नव्हतं. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि दादा सतरा. आईचे घरात चार फोटो होते आणि चारही उजव्या बाजूनं काढलेले. फोटो काढायच्या वेळी आई मान वळवून घ्यायची. लहानपणापासून बारकीची आई म्हणजे एक गाल, एक कान आणि अर्धं कपाळ. शिंप्याच्या दुकानात ती काजं-बटणं करायची, तिच्या मांडीवर कायम रिळं असायची, एवढं तिनं दादाकडूनच ऐकलं होतं. डोळ्याचं दादा कधी बोलला नव्हता. आईनं आयुष्यभर लपवलेलं आपण कशाला बोलायचं, असं त्याला वाटायचं.

“मग सांगायचं नाही का रे मला!” बारकी म्हणाली.

“सांगितलं की. नीट बघ म्हटलं.” त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला सोपं गेलं असतं. “मला वाटलं, बघितलंस की विचारशील. ही अशी का, म्हणून. मग सांगणार होतो.”

बस आली. दादा चढला, खिडकीशी बसला आणि तिला नेहमीसारखा हात केला. तो डावा हात होता.

सोमवारी बारकीनं प्रयोगशाळा उघडलीच नाही. ती दादाच्या घरी गेली तर तो बाहेर गेला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं कळलं होतं.

“अकरा दिवस लागले त्यांना तेवढ्या एका चेहऱ्याला,” वहिनी म्हणाली. “सकाळी उठल्या उठल्या हात त्यातल्या त्यात शांत असतो. मग चहा नाही, पाणी नाही, आधी तेच. मनगट फडक्यानं टेबलाच्या कडेला बांधायचे. दोन-तीन रेघा झाल्या की थांबायचे. त्या आधी वर्तमानपत्राच्या कडेवर कितीदा तरी काढून बघितलं. मला म्हणायचे, काल पापणी आठवली, आज भुवई आठवली. इतक्या वर्षांनी येतंय हळूहळू.”

“ते कागद कुठं आहेत वहिनी? वर्तमानपत्राचे?”

“ब्रश पुसले ना त्यांना. गेले कचऱ्यात.” वहिनीनं हातातला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. “तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, बारके. पण कुणालातरी सांगायला हवं होतं.”

मग बारकीनं आणखी एक चूक केली. तिला वाटलं, वरचा थर आपला आहे, तेवढा काढता येईल. कॅपवर ती थरावर थर देते आणि हवा तो थर घासून काढते, मग हे काय अवघड? मंगळवारी दुपारी तिनं काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, पिळून काढला आणि बाईच्या डाव्या डोळ्याला अगदी हलका टेकवला. तिचा रंग विरघळायला लागला. बुबुळ गेलं, पापणी गेली. तिनं श्वास रोखला. खालचा थर दिसेल, आता दिसेल. आणि एक क्षण तिला खरंच काहीतरी दिसलं. खाली घसरलेली एक गडद रेघ, किंवा रेघेसारखं काही. तिनं काडी उचलली तेव्हा उशीर झाला होता. दोन्ही रंग सारख्याच जातीचे, मध्ये वार्निशचा हात नाही. खालचा रंग वरच्याबरोबर निघून आला होता. कापसावर कातडीच्या रंगाचा एक डाग होता आणि बाईच्या डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं करडं अस्तर.

ती ते घेऊन दादाकडे गेली. लपवायचं नाही, एवढं तरी तिनं ठरवलं होतं. दादानं पुतळा हातात घेतला, उजेडात धरला आणि परत दिला.

“असू दे,” तो म्हणाला. “तू जेवलीस का?”

पुढच्या दिवसांत काही बदललं असं कुणाला वाटलं नसतं. दादा रविवारी वाचनालयात यायचा. जिंकलेल्याचा मान म्हणून डॉक्टर त्याचे ब्रश धुवायला मागायचे, तर तो म्हणायचा, “धुण्यासारखं काही नाही हो, कोरडेच आहेत.” लोकांना वाटलं, पेंटरनं सर्वोत्तम काम करून दाखवलं आणि थाटात ब्रश खाली ठेवला. ग्रंथपाल बाईंनी ते वर्गणीच्या पत्रकातही तसंच लिहिलं. खरं काय ते सांगून टाकावं, असं बारकीला तीनदा वाटलं. तिसऱ्यांदा तर ती उभीही राहिली. दादानं तिची बाही धरून खाली बसवलं. “आता कशाला?” तो पुटपुटला. “डॉक्टर परत माझी कीव करतील.”

ती त्याच्याकडे आईबद्दल विचारायला लागली. इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते सगळं. आई हसायची कशी, चिडली की काय करायची, उंच होती का. तो सांगायचा, हातचं राखून ठेवायचा नाही. पण डोळ्याचा विषय निघाला की त्याला शब्द सापडत नसत. “तसा होता गं,” म्हणायचा आणि बोटानं स्वतःची पापणी खाली ओढून दाखवायचा. आरशात बारकीनंही तसं करून बघितलं. तिला आरशात पापणी ओढलेली बारकीच दिसली.

जवळजवळ एका वर्षानं नव्या डॉक्टरांनी दादाच्या गोळ्या बदलल्या. महिन्याभरात फरक पडला. हात पूर्ण थांबला नाही, पण पेला एका हातानं तोंडाशी जाऊ लागला. वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा बारकी प्रयोगशाळेतच नाचायची बाकी राहिली. तिनं सतरा नंबरच्या बाईचा चेहरा पूर्ण साफ केला, नवं अस्तर मारलं, कातडीचा पहिला हात दिला आणि त्यावर वार्निश दिलं, म्हणजे या वेळी कुणाचं काही बिघडलं तरी वरचं वर पुसता येईल. शनिवारी सकाळी ती दादाच्या दारात हजर. बरोबर रंग, बारीक ब्रश, आपलं भिंगही.

“हे काय आणलंस?”

“तुझं काम. अर्धं राहिलंय.”

दादा तिच्याकडे बघून हसला. तिला बरं वाटावं म्हणून असेल, पण तो टेबलाशी बसला. भिंग चढवलं, रंग पातळ केला, पुतळा बुचाला धरून डाव्या हातात घेतला. उजव्या हातातला ब्रश चेहऱ्याजवळ नेला. हात हलला नाही. बारकीला तर तो पूर्वीचा, शिडीवरचा हात वाटला. तो ब्रश धरून बसून राहिला. टोकावरचा रंग वाळला. त्यानं तो पाण्यात बुडवला, पुन्हा रंग घेतला, पुन्हा जवळ नेला. असं चार-पाचदा झालं.

“काय झालं, दादा? हात दुखतोय का?”

“हात चांगला आहे.” त्यानं भिंग काढून ठेवलं. “चेहरा येत नाही.”

“म्हणजे?”

“तेव्हा येत होता. रोज थोडा थोडा येत होता. आता डोळे मिटले की तू केलेली बाई येते. दोन्ही डोळे उघडे, सरळ बघणारी.” त्यानं ब्रश फडक्याला पुसला. “आई म्हणून तीच येते आता. मी खूप प्रयत्न केला गं.”

बारकी रंगाच्या बाटल्यांची झाकणं लावायला लागली.

“डोळे चांगले केले होतेस पण,” तो म्हणाला. “फार सुरेख केले होतेस.”

तो टोमणा नव्हता. धंद्यातला एक माणूस दुसऱ्याला सांगतो तसं त्यानं सांगितलं, आणि पुतळा तिच्या हातात देऊन तो खिडकी उघडायला उठला. तिला तिथं बसवेना. ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी मटार सोलत होती. बारकी तिच्या शेजारी खाली बसली, पुतळा बाजूला ठेवला आणि परातीतल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या. वहिनीनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्याकडे, आणि परात दोघींच्या मध्ये सरकवली. दोघी कितीतरी वेळ सोलत राहिल्या.